ग्रँट वूडच्या मागे मागे आयोवात

गुरुवार, शिकागो

आर्ट इन्स्टिट्यूट गुरुवारी उशिरापर्यंत उघडं असतं म्हणून ऑफिस उरकून सगळे थेट तिथंच भेटलो. सगळे म्हणजे मी, नवरा, आणि कोल्हापूरहून आलेले माझे वडील. अण्णा आयुष्यभर हायस्कूलला ड्रॉइंग टीचर होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला किती पोरं बसवली असतील देव जाणे, त्यामुळे चित्रासमोर उभे राहिले की अजून पहिल्यांदा चुकाच शोधतात.

आयोवा राज्यातला चित्रकार ग्रँट वूड, त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र ‘अमेरिकन गॉथिक’, म्हणजे टोकदार खिडकीच्या घरापुढे गवत उपसायचा काटा धरून उभा म्हातारा आणि शेजारी बाई. त्यासमोर नेहमीप्रमाणे सेल्फीवाले होतेच. त्यांच्यामधून वाट काढत अण्णा पुढे गेले आणि म्हणाले, "एवढंच व्हय?" कारण चित्र खरंच लहान आहे, ७८ सेंटिमीटर बाय ६५, आणि कॅनव्हासवरही नाही, बीव्हरबोर्डवर आहे, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून करतात तो घरबांधणीतला स्वस्तातला बोर्ड. मग मात्र अण्णा जे चिकटले ते हलेचनात. म्हाताऱ्याच्या हातातला काटा बघ, मग त्याच्या ओव्हरऑलच्या छातीवरची शिलाई बघ, तोच काटा आहे की नाही, आणि मागच्या खिडकीतही तोच उभा आकार. बाईच्या मानेवर केसांची एक बट सुटलीय, अख्ख्या चित्रात तेवढीच एक गोष्ट शिस्तीत नाही. गळ्याशी कॅमिओचा, म्हणजे कोरीव चेहऱ्याचा ब्रोच आहे आणि तिच्या खांद्यामागे पोर्चवर स्नेक प्लांटची कुंडी. ब्रोच आणि कुंडी लक्षात ठेवा, दोन्ही पुढे परत भेटणारेत.

लोक याला शेतकरी आणि त्याची बायको समजतात पण यात शेतकरी कोणीच नाही. बाई म्हणजे ग्रँट वूडची धाकटी बहीण नॅन, आणि म्हातारा म्हणजे त्याचा दाताचा डॉक्टर, बायरन मॅकीबी, वय ६२. दोघं एकत्र कधी पोझला उभेही राहिले नव्हते, आणि त्या घरासमोर तर मुळीच नाही. १९३० साली याच म्युझियमच्या वार्षिक प्रदर्शनात चित्राला ब्राँझ मेडल आणि ३०० डॉलर मिळाले, मग म्युझियमच्या मित्रमंडळाने तेवढ्याच पैशात ते विकतही घेतलं. एका रात्रीत वूड देशभर प्रसिद्ध झाला. आयोवातल्या शेतकरणी मात्र भडकल्या, आम्ही काय अशा आंबट तोंडाच्या दिसतो का म्हणून, एकीने तर कान चावून तोडायची धमकी दिली होती म्हणतात. आणि नॅनला वेगळाच राग, आपल्या दुप्पट वयाच्या माणसाची बायको समजतात म्हणून, ती शेवटपर्यंत सांगत राहिली की मी मुलगी आहे, बायको नव्हे.

अण्णांनी बाहेर पडताना जाहीर केलं की हा माणूस चित्रकार कमी आणि सुतार जास्त वाटतो, सगळं रंधा मारून गुळगुळीत केलंय. तेव्हा मला ते उगाच वाटलं होतं.

शुक्रवार, डॅव्हनपोर्ट आणि आयोवा सिटी

सकाळी आय-८८ धरला. इलिनॉयचा तो पट्टा जेवढा सरळ तेवढाच कंटाळवाणा, दोन्ही बाजूला मका नाहीतर सोयाबीन, जूनचा मका आत्ता कुठे गुडघ्याला लागत होता आणि काळ्या मातीवर हिरव्या रेघा ओढल्यासारखा दिसत होता. अण्णा म्हणाले, ही माती बघून ऊस लावावासा वाटतो. कोल्हापूरच्या माणसाला दुसरं काय सुचणार.

मिसिसिपी ओलांडली की डॅव्हनपोर्ट, आणि नदीकाठी काचेच्या बिल्डिंगमध्ये फिगी म्युझियम. नॅनने भावाची कागदपत्रं, वस्तू, स्क्रॅपबुकं जन्मभर सांभाळली, ती सगळी शेवटी इथं आली. मी मुख्यतः त्याच्या सेल्फ-पोर्ट्रेटसाठी आले होते. गोल चष्मा, गोल चेहरा, ओठ घट्ट मिटलेले, मागे मक्याची शेतं आणि पवनचक्की. पवनचक्की तो बऱ्याच चित्रांत सहीसारखी टाकायचा. आता यातली गंमत अशी की आधी त्याने स्वतःला ओव्हरऑलमध्ये रंगवलं होतं, तो शेतकऱ्यांचा पोशाख, पेपरवाल्यांसमोर तोच घालायचा आणि चांगल्या कल्पना मला गाईची धार काढतानाच सुचतात असं सांगायचा. मग कधीतरी त्याने चित्रातलं ते ओव्हरऑल पुसून साधा शर्ट रंगवला, आणि चित्र मरेपर्यंत हातावेगळं केलंच नाही. १९३२ ला सुरू केलेलं, १९४१ पर्यंत चालू.

खरं तर दहाव्या वर्षी शेत सुटलेला माणूस हा. पुढचं सगळं आयुष्य शहरात गेलं.

दुपारी आयोवा सिटी. ईस्ट कोर्ट स्ट्रीटवर ११४२ नंबरचं विटांचं दुमजली घर, १८५८ च्या सुमाराचं, हे त्याने प्रसिद्ध झाल्यावर घेतलं आणि मनासारखं दुरुस्त केलं. फुटपाथवरूनच बघितलं. या घरातली वर्षं काही सुखाची नव्हती. १९३४ ला युनिव्हर्सिटीत शिकवायला लागला, १९३५ च्या मार्चमध्ये सारा मॅक्सन नावाच्या, गाण्यानाटकातल्या बाईशी लग्न केलं, त्याच वर्षी आई गेली, आणि १९३९ ला घटस्फोट. त्याला पुरुषांचं आकर्षण होतं आणि ते त्याने जन्मभर दडवलं, असं आताचे चरित्रकार लिहितात. त्या काळी, त्या गावात, नोकरी जायला नुसती कुजबुजही पुरली असती.

त्यात डिपार्टमेंटचं राजकारण. हेड लेस्टर लाँगमन हा युरोपातल्या मॉडर्न आर्टचा माणूस, त्याच्या दृष्टीने वूड म्हणजे फोटो पडद्यावर टाकून गिरवणारा मागासलेला प्रकार. एच. डब्ल्यू. जॅन्सन नावाचा तरुण कला-इतिहासकारही तिथंच होता, ज्याचं कला-इतिहासाचं जाडजूड टेक्स्टबुक पुढे अमेरिकेतल्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं, त्याने तर या मातीतल्या चित्रकलेची तुलना नाझींच्या कलेशी केली. म्हणजे १९३४ च्या डिसेंबरमध्ये ‘टाइम’ मासिकाने थॉमस हार्ट बेंटनला कव्हरवर घेऊन बेंटन, वूड आणि करी या तिघा चित्रकारांना अमेरिकन कलेचे हिरो केलं, आणि सहा-सात वर्षांत त्यातल्या एकाला स्वतःच्याच डिपार्टमेंटमध्ये तोंड लपवायची पाळी आली. फॅशन बदलली की असंच होतं, त्याला इलाज नाही, पण नाझी म्हणणं जरा अतीच झालं.

वूड फेब्रुवारी १९४२ मध्ये इथल्याच हॉस्पिटलमध्ये कॅन्सरने गेला, एक्कावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री. त्याच्या आधी बेंटन भेटायला आला होता. त्याला वूड म्हणाला की बरा झालो की नाव बदलणार, कोणी ओळखत नाही अशा जागी जाणार आणि नव्या पद्धतीने पहिल्यापासून चित्रं काढणार. मी हे अण्णांना हॉटेलात जेवताना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे त्या काट्यानं त्यालाच धरून ठेवलं."

शनिवार, एल्डन

आयोवा सिटीहून दीड-पावणेदोन तास खाली. गाव एवढंसं, हजाराच्या आत वस्ती. रस्त्याचं नावच अमेरिकन गॉथिक स्ट्रीट आणि टोकाला ते पांढरं घर. १८८१-८२ मध्ये डिबल नावाच्या माणसाने बांधलेलं, लाकडी, आणि वर माडीला ती चर्चसारखी टोकदार खिडकी.

१९३० च्या ऑगस्टमध्ये वूड एल्डनला आला होता, जॉन शार्प नावाचा गावातला तरुण चित्रकार त्याला गाडीतून फिरवत होता आणि तेव्हा हे घर दिसलं. एवढ्याशा लाकडी घराला कॅथेड्रलची खिडकी लावायचा हा थाट बघून त्याला मजा वाटली, आणि तिथंच पाकिटाच्या पाठीमागे स्केच केलं. मग या घरात कशी माणसं राहत असतील असा विचार करून माणसं नंतर बसवली. अण्णांनी मोबाइलवरचं चित्र आणि समोरचं घर आळीपाळीने बघून निकाल दिला की खिडकी ताणून लांब केलीय आणि छप्पर जास्त उभं केलंय. घर खरं तर बैठं आणि बुटकं दिसतं, चित्रातल्यासारखं ताठ नाही.

शेजारी व्हिजिटर सेंटर आहे, २००७ पासूनचं, तिथं फोटो काढायला एप्रन, कोट आणि काटा फुकट वापरायला देतात. नवऱ्याला कोट चढवला, मी एप्रन बांधला, काटा अर्थातच त्याच्या हातात. काउंटरवरच्या बाई उत्साहाने सांगत होत्या की तोंड सरळ ठेवा, हसू नका, आणि आम्हाला हसू आवरेना. अण्णांनी फोटो काढला, पण आधी आम्हाला दोनदा सरकवून कम्पोझिशन लावलं, मागची माणसं खोळंबली तरी पर्वा नाही.

मला एल्डन आवडलं पण चित्रकार तिथं सापडत नाही. तिथं चित्र सापडतं. ज्या राज्याने कान तोडायची भाषा केली त्या राज्याने आता हे घर ताब्यात घेऊन जपलंय, मॅग्नेट आणि मग विकतायत, चांगलंच आहे. पाऊस यायला लागला तसे निघालो आणि रात्री उशिरा सीडर रॅपिड्सला पोचलो.

रविवार, सीडर रॅपिड्स

ट्रिपमधला हा दिवस सगळ्यात भारी. अण्णांचं ते सुतारवालं म्हणणं मी इथं मान्य केलं.

वूडचे वडील गेल्यावर १९०१ ला आई चार मुलांना घेऊन या गावात आली. हायस्कूल झालं १९१० ला, मग मिनियापोलिसला डिझाइन आणि हस्तकलेची शाळा, मग शिकागोत दिवसा चांदीकाम आणि रात्री आर्ट इन्स्टिट्यूटचे क्लास. पहिल्या महायुद्धात सैन्यात तोफा लपवायचं कॅमोफ्लाज रंगवायचं काम. परत येऊन ज्युनियर हायस्कूलला ड्रॉइंग टीचर. इथं अण्णा एकदम ताठ झाले.

म्युझियम ऑफ आर्टमध्ये त्याच्या कामाचा सगळ्यात मोठा संग्रह आहे आणि त्यात अर्ध्याहून जास्त वेळ आमचा चित्रं नसलेल्या गोष्टींपुढे गेला. मक्याच्या कणसांचं धातूचं झुंबर, गावातल्या माँट्रोझ हॉटेलच्या ‘कॉर्न रूम’साठी केलेलं. कुंडीत लावलेली फुलं, तीही बाटल्यांची बुचं आणि कुठलंकुठलं भंगार जोडून. आणि ओकचं एक लांब बाक, मॅकिन्ली शाळेतल्या पोरांना हेडमास्तरांच्या केबिनबाहेर शिक्षेला बसवायचं, ते त्याने वर्गातल्या पोरांकडूनच करून घेतलं आणि वर बायबलमधलं वचन कोरलं, की गुन्हेगाराची वाट बिकट असते. अण्णा त्या बाकापुढे इतका वेळ उभे होते की गार्डला शंका आली असेल. कोरीव अक्षरांतली जागा सारखी आहे का ते बोटाने हवेत मोजत होते. "आमच्या शाळेत असलं काही करायला हेडमास्तरांनी लाकूड दिलं असतं व्हय, पण टिंबर मार्टच्या बिलावर सही कोण करणार," एवढंच म्हणाले.

मग ‘वुमन विथ प्लांट्स’, १९२९ चं, म्हणजे ‘गॉथिक’च्या आदल्या वर्षीचं. त्याची आई, हॅटी, एक्काहत्तर वर्षांची, हात कामाने रापलेले, आणि हातात कुंडी, स्नेक प्लांटची. गळ्यात तोच कॅमिओ ब्रोच, जो मुलाने इटलीहून आणला होता. पुढच्या वर्षी ब्रोच लेकीच्या गळ्यात गेला आणि कुंडी पोर्चवर. हे दोन्ही लागोपाठ बघितल्याशिवाय ‘अमेरिकन गॉथिक’ची चेष्टा करू नये असं माझं मत झालंय. नॅनच्या एप्रनची नागमोडी लेसही आईच्याच जुन्या कपड्यांवरची.

‘यंग कॉर्न’, १९३१ चं, तेही याच गावच्या मालकीचं. गोल गोल टेकड्या आणि त्यावर मक्याची रोपं, परवा रस्त्यात दिसली तेवढीच. झाडं मात्र सरळ सावंतवाडीची लाकडी खेळणी, लाखेचं पॉलिश केलेली.

दुपारी स्टुडिओ. पत्ता फाइव्ह टर्नर अ‍ॅली, आणि हा पत्ताही त्यानेच बनवलेला. डेव्हिड टर्नर नावाचा गावातला प्रेतसंस्कार करणारा व्यावसायिक, त्याच्या बंगल्यामागे घोडागाडीचं शेड होतं, त्याचा माळा टर्नरने वूडला राहायला दिला, भाडं नाही, आणि वर त्याची चित्रंही घेतली. १९२४ ते १९३५ वूड तिथं राहिला, आईबरोबर, बरीच वर्षं नॅनही. जिना चढून वर गेलं की एक लांबट खोली, डोक्यावर उतरतं छप्पर, कपाटं, कप्पे, सगळं स्वतःच्या हाताने छपराच्या उतारात बसवलेलं. स्वयंपाक, झोपणं, इझल, सगळं एवढ्यातच. आणि दारावर शवपेटीचं झाकण, काचेसकट, त्यावर तबकडी आणि एक फिरता काटा, बाहेरगावी गेलोय, अंघोळ करतोय, पार्टी चालू आहे, असं येणाऱ्याला कळावं म्हणून. (मूळ दार म्युझियमने जपून ठेवलंय.) शवपेटीचं झाकण दाराला लावणारा माणूस गंभीर चेहऱ्याने चित्र काढत होता असं आता मला कोणी सांगू नये.

‘अमेरिकन गॉथिक’ याच माळ्यावर झालं. खिडकीपाशी इझल ठेवायची जागा दाखवतात, तिथून दिसतं काय तर शेजारच्या भिंती आणि पार्किंग. शेत नाही, गोठा नाही.

सोमवार, सीडर रॅपिड्स ते स्टोन सिटी

सकाळी नदीतल्या बेटावर व्हेटरन्स मेमोरियल बिल्डिंगमध्ये गेलो. आत वूडने डिझाइन केलेली रंगीत काचेची खिडकी आहे, २४ फूट बाय २० फूट. खाली सहा युद्धांतले सहा सैनिक, वर दुखवट्याचा बुरखा घेतलेली प्रचंड बाई. काम १९२७ ला मिळालं, काच बनवणारी कंपनी सेंट लुईसची, पण तिची शाखा म्युनिकला, म्हणून १९२८ ला वूड म्युनिकला गेला. तोपर्यंत तो पॅरिस वगैरे करून आला होता, इम्प्रेशनिस्टांसारखी ठिपक्याठिपक्यांची चित्रं काढायचा, आणि म्युनिकला त्याने मेमलिंगसारखे पंधराव्या शतकातले चित्रकार जवळून बघितले, एकेक बटण आणि एकेक पान रंगवणारे, आणि स्वतःच्या काळातले कपडे, घरं बिनधास्त देवाधर्माच्या चित्रात घालणारे. तिथून परत आला तो हा आत्ताचा वूड. म्हणजे आयोवाच्या मातीतला म्हणून जो मिरवतात तो जर्मनीतून आलाय. अण्णांना यात काहीच नवल वाटलं नाही. ते म्हणाले आमचे आबालाल रहमानपण मुंबईला जे.जे.त शिकूनच कोल्हापूरला परतले की.

खिडकीचं मात्र वाजलं. काच जर्मनीत केली, आणि आपली पोरं मेली जर्मनांशी लढताना, म्हणून ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या बायकांच्या संस्थेने विरोध केला, आणि रीतसर लोकार्पण व्हायला १९५५ उजाडलं, तो मरून तेरा वर्षं झाल्यावर. वूडने १९३२ ला सूड घेतला. ‘डॉटर्स ऑफ रेव्होल्यूशन’ नावाचं चित्र, तीन खानदानी बायका चहाचा कप धरून तोऱ्यात उभ्या, आणि मागे भिंतीवर वॉशिंग्टन नदी ओलांडतोय ते प्रसिद्ध चित्र, जे मुळात जर्मनीत जन्मलेल्या लॉइट्झेने जर्मनीत बसून काढलं होतं. असला शांतपणे मारलेला टोला मी क्वचितच बघितलाय. २००८ च्या पुरात या बिल्डिंगचं बरंच नुकसान झालं, खिडकी काढून दुरुस्त करून परत बसवली.

मग अ‍ॅनामोसा, वूडचं जन्मगाव, १३ फेब्रुवारी १८९१. गावाबाहेर त्याची एकखोली शाळा अजून उभी आहे. वडील कडक क्वेकर, म्हणजे साधेपणाने राहणाऱ्या ख्रिश्चन पंथातले, घरात परीकथांचं पुस्तक आलं तर परत पाठवलं, आम्ही फक्त खरंच वाचतो म्हणून. रिव्हरसाइड स्मशानभूमीत आजोळच्या, वीव्हर घराण्याच्या मोठ्या दगडाजवळ त्याची साधी पाटी आहे, शोधायला थोडं फिरावं लागलं.

तिथून काही मैलांवर स्टोन सिटी. एकेकाळी इथला चुनखडीचा दगड लांबलांब जायचा, अ‍ॅनामोसाचं जेल त्याचंच आहे, मग सिमेंट आलं आणि गाव बसलं. वूडने १९३० ला हे गाव रंगवलं आणि १९३२, ३३ च्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर इथं आर्ट कॉलनी चालवली, खाणमालक ग्रीनच्या जुन्या वाड्यात. जागा पुरेना म्हणून बर्फाच्या जुन्या गाड्या आणून, त्या रंगवून मंडळी त्यात राहायची. दोन उन्हाळ्यांत कर्ज झालं आणि बंद पडली. वाडा १९६३ ला जळाला. दगडी चर्च आहे, खाण चालू आहे, नदीवर पूल आहे.

अण्णांनी वरच्या वळणावर गाडी थांबवायला लावली, स्केचबुक काढलं आणि तासभर बसले. खाली बघायचे, मोबाइलवर चित्र बघायचे, परत खोडायचे. टेकड्या एवढ्या गोल नाहीतच म्हणाले, रस्ताही असा वळत नाही, आणि खाणीचा राडा त्याने सगळा झाडून काढलाय. "पण जमवलंय ब्येस. असं जमवायला गाव पाठ पाहिजे."

मूळ ‘स्टोन सिटी’ बघायचं तर ओमाहा, जॉस्लिन म्युझियम, इथून साडेचार तास पश्चिमेला, आमच्या घराच्या बरोबर उलट दिशेला. अण्णांनी सीटबेल्ट लावता लावता सहज विचारल्यासारखं विचारलं की मग आता तिकडंच वळवली तर. नवऱ्याने मंगळवारची सकाळची मीटिंग सांगितली. जूनचे अजून दोन वीकेंड आहेत, बघू.